मायनस ४० मध्ये लाडूला कोण बघणार?

कुत्रा पाळणाऱ्याला बॉसकडून सुट्टी मिळवणं सोपं असतं. खरं टेन्शन त्यानंतर सुरू होतं. तिकिटं निघालेली असतात, बॅग पलंगावर उघडी पडलेली असते आणि त्या बॅगेकडे संशयाने बघत दारात एक प्राणी बसलेला असतो. आता याचं काय? पुण्या-मुंबईत या प्रश्नाला ढीगभर उत्तरं आहेत. सोसायटीतल्या काकू, होस्टेलला कंटाळलेला चुलतभाऊ, नाहीच कुणी तर हायवेला लागून असलेलं एखादं स्विमिंग पूलवालं ‘पेट रिसॉर्ट’. एक नाही आवडलं तर दुसरं बघायचं. फोटो बघा, रेट विचारा, बुक करा. झालं.

तर मंडळी, हाच प्रश्न आता नकाशावर बराच वर सरकवा. कॅनडा. त्यातही आपल्या ओळखीचा टोरोंटो-व्हँकुव्हरवाला कॅनडा सोडून द्या. नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी येलोनाइफ. ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठावरचं सुमारे २० हजार वस्तीचं शहर. दक्षिणेकडे जायला एकच हायवे आणि पहिलं मोठं शहर, म्हणजे एडमंटन, जवळजवळ १,५०० किलोमीटरवर. जानेवारीत मायनस ३० असेल तर ऑफिसात कुणी त्याचा विषयही काढत नाही. मायनस ४० झालं की जरा बोलतात. (हा तोच आकडा, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकत्र येतात. त्यामुळे निदान त्यावरून वाद होत नाहीत.)

माझी मावसबहीण तिथे राहते. ताई एका सरकारी खात्यात अकाउंट्स बघते, जिजू हिऱ्यांच्या खाणीत. दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी अशी त्यांची पाळी. आणि घरात लाडू. अर्धा हस्की, उरलेला अर्धा कोण ते देवाला ठाऊक. तिथल्या एसपीसीएच्या शेल्टरमधून आणलेला, आता नऊ वर्षांचा, ३१ किलोचा. मागच्या पायांना संधिवात, आणि थायरॉइडची गोळी दिवसातून दोनदा. थोडक्यात, घरातला सर्वांत सीनियर मेंबर.

जानेवारी २०२५ मध्ये मी नॉर्दर्न लाइट्सवर लिहायला म्हणून तिकडे गेले होते. नेमकी तेव्हाच पुण्यात मावशीच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. ताईला पाच आठवडे पुण्याला यायचं होतं. फोनवर ती मावशीला म्हणाली, “येते गं आई, फक्त लाडूची सोय लागली की तिकीट काढते.” बस्स! फॅमिली ग्रुपवर जो गहजब झाला, विचारू नका. एका मामांनी तर थेट लिहिलं, ‘आईपेक्षा कुत्रं मोठं झालं का?’

मला स्वतःला यात ताईचं काही चुकलं असं वाटलं नाही. पुण्यात कुत्र्याची सोय नीट झाली नाही तर काय होतं? तो रुसतो, दोन दिवस जेवत नाही, पोट बिघडतं. येलोनाइफच्या थंडीत सोय नीट झाली नाही तर तो मरू शकतो. एवढा साधा फरक आहे. पण तो ग्रुपवर टाइप करून पटत नाही.

सोबत घेऊन येणं? ताईने ते दहा मिनिटांत बाद केलं. तीन विमानं बदलायची, ३१ किलोचा कुत्रा सामानाच्या कप्प्यातच जाणार, आणि कडाक्याच्या थंडीत विमान कंपन्या कप्प्यात जनावरं घ्यायलाच नकार देतात. वर भारतात उतरल्यावरची कागदपत्रं. पाच आठवड्यांच्या सुट्टीसाठी म्हाताऱ्या कुत्र्याला त्यातून काढायचं नाही, हे पक्कं झालं.

मग आम्ही दोघी जागा बघायला निघालो.

पहिलं केनेल एकदम चकाचक. रिसेप्शनला मेणबत्त्यांचा वास, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो, प्रत्येक खोलीत कॅमेरा, म्हणजे पुण्यात बसून मोबाइलवर लाडू दिसणार. मी तर जाम इम्प्रेस झाले. ताईने मात्र एकच प्रश्न विचारला, “फर्नेस बंद पडली तर काय करता?” फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, तिकडे बहुतेक तेलावर चालते. समोरची मुलगी गोड हसून म्हणाली, “आमच्याकडे असं कधी झालेलंच नाही.” ताई थँक यू म्हणून बाहेर पडली. गाडीत मला म्हणाली, “नऊ हिवाळे काढलेत इथे. कधी झालं नाही असं म्हणणारा माणूस एक तर नवीन आहे, नाही तर खोटं बोलतोय.”

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते मला तिथे राहूनच कळलं. फर्नेस तेलावर चालत असली तरी तिचा पंखा आणि बर्नर विजेवर चालतात. म्हणजे लाइट गेले की हीटिंगही गेलं. येलोनाइफची वीज जवळच्या जलविद्युत केंद्रांतून येते, जोडीला डिझेलचे जनरेटर असतात. पण दक्षिणेच्या मोठ्या ग्रिडशी हे शहर जोडलेलंच नाही. इथली वीज गेली की इथेच दुरुस्त व्हायची, शेजारच्या राज्यातून उधार मिळत नाही. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये घाम येतो. तिकडे काही तासांत नळातलं पाणी गोठायला लागतं.

दुसरं केनेल कॅम लेक भागात होतं. हा शहराचा इंडस्ट्रियल कोपरा. गॅरेजेस, गोदामं, आणि स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे कळप. मेणबत्त्या वगैरे काही नाही, आत पाऊल टाकलं की कुत्र्यांचा सणसणीत वास. मालकीणबाई साठीच्या आसपासच्या, हातावर जुने चावे. फर्नेसचं विचारताच त्यांनी आम्हाला मागे नेलं. लाकडं घालायची मोठी शेगडी, जनरेटर, डिझेलचे कॅन. शेगडीला वीज लागत नाही, बघा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जनरेटर चालवून बघतात, त्याची तारीख खडूने भिंतीवर लिहिलेली. दारापाशी खुंट्यांवर प्रत्येक कुत्र्याची साखळी, तिला नावाचा आणि औषधाचा टॅग. बाजूला घडी घातलेले पिंजरे, कुत्रे जितके तितकेच.

“एवढे पिंजरे कशाला?” मी विचारलं.

“ऑगस्टसाठी,” त्या म्हणाल्या.

ताईला लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं. १६ ऑगस्ट २०२३ ला जंगलातले वणवे जवळ आले म्हणून अख्खं येलोनाइफ रिकामं करायचा आदेश निघाला. १८ तारखेच्या दुपारपर्यंत सगळ्यांनी बाहेर पडायचं. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना धूर, पेट्रोल पंपावर रांगा, विमानतळाच्या फ्लाइटसाठी वेगळ्या रांगा. लोकांना घरी परतायला ६ सप्टेंबर उजाडला. ताई तेव्हा लाडूला मागच्या सीटवर टाकून एकटी एडमंटनपर्यंत गेली होती. पण ऐन सुट्टीच्या दिवसांत ज्यांचे कुत्रे बोर्डिंगमध्ये होते आणि स्वतः हजारो किलोमीटर लांब होते, त्यांचं काय? या बाईंनी आपल्याकडचे सगळे कुत्रे व्हॅनमध्ये भरले आणि अल्बर्टात बहिणीच्या शेतावर नेले. दोन कुत्र्यांना मांडीवर घेऊन बसावं लागलं होतं. त्यानंतर पिंजरे मोजून घेतले.

आगीचं काय कराल, हा प्रश्न मी पुण्यातल्या एकाही बोर्डिंगवाल्याला आजवर विचारलेला नाही. तुम्ही विचारलाय?

बाईंनी नंतर आमचीच उलटतपासणी घेतली. लसी कुठल्या झाल्या? तिकडच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज असतो, त्यामुळे रेबीजचं इंजेक्शन आणि त्याचा कागद दोन्ही दाखवल्याशिवाय दारातूनच परत. पार्वोची लस? उत्तरेकडच्या छोट्या वस्त्यांमध्ये पार्वोची साथ येत असते आणि शेल्टरमधून येणारे बरेच कुत्रे त्या वस्त्यांमधले. केनेल कफची? गोळी कशात घालून देता? डोमकावळ्यांना घाबरतो का? (हसू नका. येलोनाइफचे डोमकावळे आपल्या कावळ्यांच्या दुप्पट असतात आणि जोडीने येऊन कुत्र्याच्या ताटलीतलं पळवतात.) बाहेर किती वेळ राहतो? इथे ताईने थायरॉइडचं सांगितलं. बाई थांबल्या. थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्याला थंडी जास्त बाधते, दिसायला कितीही केसाळ असला तरी. त्यांच्याकडचे कुत्रे दिवसाचा बराच वेळ बाहेरच्या कुंपणात असतात, पेंढ्याच्या खोपटात. पेंढाच का, तर गोधडी ओली होऊन गोठते, पेंढ्यात ओल धरत नाही. तरण्या हस्कीला ही चैन आहे. संधिवातवाल्या म्हाताऱ्याला नाही.

“दोन-चार रात्री मी आत, माझ्या स्वयंपाकघरात ठेवीन,” त्या म्हणाल्या, “पण पाच आठवड्यांसाठी याला घर बघा.”

आलेलं गिऱ्हाईक स्वतःहून परत पाठवणारी ही बाई मला त्या गावातली सगळ्यात भरवशाची वाटली. ताईलाही.

ग्रूमिंगचं प्रकरण आणखी मजेशीर. ग्रूमिंग म्हणजे शॅम्पू, रिबन, पर्फ्यूम अशीच माझी समजूत होती. आपल्याकडे तसंच असतं म्हणा. तिकडे तो जवळजवळ औषधोपचार आहे. लाडूच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचा राठ, बर्फ-पाणी झटकणारा. आतला लोकरीसारखा, हवा धरून ठेवणारा. ती आतली लोकर गुंतून चपटी झाली की हवा राहत नाही आणि ऊब जाते. म्हणजे विंचरणं हीच त्याची रजई पिंजणं. एका पार्लरमध्ये सांगितलं, “पूर्ण बारीक करून टाकू, मेंटेनन्स कमी.” जानेवारीत! ताईने लाडूला तसाच उचलून बाहेर काढला.

दुसऱ्या ठिकाणची मुलगी वयाने माझ्याएवढीच. तिने आधी विचारलं, “गाडी लांबून चालू करता येते का?” मला वाटलं पार्किंगचं काही असेल. तसं नव्हतं. आंघोळ घातलेल्या कुत्र्याची आतली लोकर जराही ओली राहिली आणि तो मायनस ३५ मध्ये बाहेर पडला, तर ती ओल गोठते. मग अंग गार पडतं, कानाची टोकं आणि शेपूट आधी जातात. त्यामुळे ती मोठ्या ड्रायरने तासाच्या वर सुकवते, बोटं आतपर्यंत घालून तपासते, आणि गाडी गरम झाल्याचा मालकाचा फोन आल्याशिवाय कुत्रा सोडत नाही. आंघोळही फार वेळा घालू नका म्हणाली. हीटिंगमुळे घरातली हवा आधीच कोरडी, त्यात साबणाने कातडीचं तेल गेलं की खाज सुटते. धंदा स्वतःच कमी करून घेत होती, पण खरं बोलत होती.

आणि पाय! पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले की त्यात बर्फाचे गोळे बसतात, लाडू तीन पायांवर लंगडत घरी येतो. ते केस गादीच्या पातळीला कापायचे, नखं छोटी ठेवायची, कारण लांब नखं असली की बर्फावर पकड सुटते आणि संधिवातवाल्याचे मागचे पाय फाकतात. चालायला जाताना पंजाला मेण किंवा बूट. लाडूला बूट घातले की तो तबलजीसारखे पाय आपटतो, पण चालतो.

एक गोष्ट बाहेरच्याला सुचणारच नाही, ती म्हणजे पाणी. येलोनाइफच्या काही भागांत नळाचं पाणी नाही, टँकर येऊन घराची टाकी भरतो आणि सांडपाणीही दुसरा टँकर घेऊन जातो. अशा भागातलं पार्लर मोठा कुत्रा धुताना पाण्यावर नजर ठेवणारच. साबण पुरता निघाला का, ते बघून घ्यायचं. टँकर म्हटल्यावर मला एकदम पुण्यातली सोसायटी आठवली.

तर आता घर बघायचं होतं. तिकडे ‘हाऊस सिटर’ हा प्रकार रूढ आहे. हिवाळ्यात घर बंद करून गेलात आणि फर्नेस बंद पडून पाइप फुटले, तर नियमित कुणी घर तपासत नव्हतं या कारणाने इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. म्हणून लोक घरात माणूस ठेवूनच जातात. त्याच माणसाने कुत्राही बघितला तर दोन्ही कामं एकदम. जिजूंची पाळी अशी होती, की पाच आठवड्यांतले दोन ते घरी असणार. उरलेल्या तीनची सोय करायची होती.

अशा गावात माणूस कसा निवडायचा, हे ताईकडून शिकण्यासारखं आहे. वीस हजारांच्या वस्तीत कुणी कुणाबद्दल उघड वाईट बोलत नाही, कारण उद्या त्याच्याच शेजारी रांगेत उभं राहायचं असतं. त्यामुळे ‘अमुक कशी आहे?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘छान आहे.’ ताईने प्रश्न बदलला. व्हेटच्या काउंटरवरच्या बाईला विचारलं, “तुम्ही गावाला जाता तेव्हा तुमचा कुत्रा कुणाकडे असतो?” दोन नावं मिळाली. त्यातली एक प्राथमिक शाळेतली शिक्षिका. तिला आधी चहाला बोलावलं, मग एक रात्र राहायला. आम्ही दोघी मुद्दाम हॉटेलात गेलो. सकाळी परत आलो तर लाडू आमच्याकडे न बघता तिच्या पायाशी घोरत होता. ताईला वाईट वाटलं, तिकीट मात्र त्याच दुपारी निघालं.

मग दोन संध्याकाळी बसून ताईने कागद तयार केले. फ्रिजवर लावलेलं पहिलं पान: तापमानानुसार बाहेर किती वेळ. मायनस ३० च्या खाली लाडूला फक्त अंगणात, सात-आठ मिनिटं, पाय उचलायला लागला की लगेच आत. धातूची ताटली बाहेर न्यायची नाही, जीभ चिकटते. गाडीच्या अँटिफ्रीझचा थेंबही जमिनीवर दिसला तर पुसायचा. ते चवीला गोड असतं आणि जीव घेतं. दुसरं पान व्हेटसाठी. पुणे हिवाळ्यात येलोनाइफच्या साडेबारा तास पुढे. तिकडे दुपारी दोनला काही झालं तर इकडे रात्रीचे अडीच. ताई फोन उचलेपर्यंत थांबायचं नाही, ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय सिटरने घ्यायचा, अशी सही केलेली चिठ्ठी व्हेटकडे आधीच दिलेली. स्पेशालिस्ट लागला तर एडमंटन, तोवर काय करायचं तेही लिहिलेलं. गोळ्या आणि खाणं पाच आठवड्यांचं लागत होतं, ठेवलं आठचं. पूर्वी मॅकेन्झी नदीवर पूल नव्हता, तेव्हा बर्फ धरताना आणि फुटताना काही आठवडे रस्ताच बंद असायचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पूल झाला, तरी जास्तीचं भरून ठेवायची सवय गावाची गेलेली नाही. आणि तिसऱ्या पानावर कॅम लेकच्या बाईंचा नंबर, ठळक अक्षरात. त्यांच्या स्वयंपाकघरातली जागा ताईने आधीच बोलून ठेवली होती.

हे सगळं अति वाटतंय? मलाही थोडं वाटलं होतं. मी ते बोललेही. ताई म्हणाली, “तुझ्या ऑफिसात बॅकअप घेतात ना? मग!”

पुण्यात आल्यावर बाराव्या दिवशी, ऑपरेशन होऊन मावशी अजून हॉस्पिटलमध्येच होती, पहाटे साडेचारला ताईचा फोन वाजला. तिकडे दुपारचे चार. मायनस ३६. फर्नेस बंद, मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार, जिजू खाणीवर. पण ताईला यातलं काहीही सांगायच्या आधी सिटरने फोटो पाठवला होता. शेगडीच्या बाजूला, जुन्या सतरंजीवर, चारी पाय वर करून पसरलेला लाडू. घरातलं तापमान उतरायला लागताच तिने गाडी गरम केली, गोळ्यांचा डबा घेतला आणि त्याला कॅम लेकला सोडलं. मग परत येऊन पाइप गोठू नयेत म्हणून नळ बारीक सोडून ठेवले. सगळं उरकल्यावर मेसेज. दोन रात्री लाडू तिकडे राहिला आणि बाईंच्या म्हणण्यानुसार त्यांचं अर्धा किलो चीज संपवून आला.

मावशीला सकाळी हे कळलं. ऑपरेशनचं दुखणं, सूज, सगळं असताना तिने तो फोटो चष्मा लावून दोनदा बघितला. मग मला म्हणाली, “अगं, त्याच्या छातीचं माप विचार गं हिला. मला आता बसूनच राहायचंय महिनाभर. लोकर कुठली आणायची ते पण विचार.”

माप ३१ इंच निघालं. लोकर मी लक्ष्मी रोडवरून आणली, निळी.